निंबाच्या नावाची सव्वा मूठ

शेजाऱ्याच्या बंगल्याचा हेवा वाटला तर माणूस चारचौघांत सांगू शकतो. पगाराचा वाटला तरी निदान बायकोजवळ बोलू शकतो. मला मात्र निंबाआप्पांच्या मोटरसायकलचा हेवा वाटायचा, आणि ती मोटरसायकल एकोणीस वर्षांची होती. हे कुणाला सांगणार?

शंभर सीसीची काळी गाडी. मीटरला पाचच आकडे, त्यामुळे नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव झाले की ते बिचारं पुन्हा शून्यावर यायचं. असं दोनदा झालेलं होतं. प्रत्येक वेळी आप्पांनी हेडलाइटच्या मागच्या बाजूला, कुणाला सहज दिसणार नाही अशा जागी, पांढऱ्या रंगाचा एक ठिपका दिला होता. तेवढ्या काळात माझ्या तीन गाड्या झाल्या. प्रत्येक गाडी शोरूममधून हार घालून आली आणि चार वर्षांत धापा टाकू लागली. आप्पांची गाडी पहिल्या किकला सुरू व्हायची, हिवाळ्यातसुद्धा. आमच्या दोन घरांत एकच भिंत, त्यामुळे ती पहिली किक मला रोज सकाळी चहाबरोबर ऐकावी लागायची. तोंडावर मी त्यांना आप्पा म्हणायचो. मनात निंब्या.

आमची सोसायटी सुरतेच्या कोसाड भागात. जोडून जोडून घरं, पुढे हातभर ओटा, आणि निम्मी माणसं आमच्या खान्देशातली. मी सचिन नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका डाइंग मिलमध्ये फोल्डिंग खात्यात सुपरवायझर. आप्पा अमरोलीच्या एका लूमच्या कारखान्यात मास्टर, म्हणजे माग बिघडला की तो चालू करून देणारा माणूस. गाव साक्रीकडचं. बायको गावी शेत सांभाळायची, दोन्ही मुलींची लग्नं झालेली. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठे, अंगाने वाळके, आणि उजव्या हाताच्या नखांत तेलाची काळी रेघ. ती रेघ दिवाळीच्या उटण्यानेही जात नसे.

रविवारी लूम बंद. त्या दिवशी आप्पा गाडीला हात लावायचे. इतर माणसं मळकं काम उरकून मग आंघोळ करतात, हे आधी आंघोळ करायचे. कपाळाला गंध लावून, धुतलेली बंडी घालून ओट्यावर गोणपाट अंथरायचे आणि शेजारी स्टीलचं ताट ठेवायचे. गाडीचा जो नट निघेल तो त्या ताटात, निघाल्या क्रमाने, घड्याळाच्या काट्यासारखा गोल मांडला जायचा. बसवताना उलट्या क्रमाने उचलायचे. एकही नट कधी उरला नाही. मी एकदा माझ्या गाडीचा एअर फिल्टर काढून बसवला तेव्हा दोन स्क्रू उरले होते, ते मी गुपचूप खिशात घातले.

ऑइल बदलताना ते आधी कामतवाडीपर्यंत एक फेरी मारून यायचे, इंजिन कोमट करायचे, आणि मग निघालेलं काळं तेल तळहातावर घेऊन उन्हात धरायचे. त्यात लोखंडाची चकाकी दिसते का ते बघायचे. नाही दिसली की बोट बोटावर घासून एकटेच मान डोलवायचे. ती मान डोलवणं मला फार खुपायचं.

पुसायला त्यांना सुती कापडच लागायचं, आणि सुती कापड या गावात मिळणं कठीण. सगळी सुरत कापडावर जगते, पण ते पॉलिएस्टर. साडीचा तुकडा हवा तर कुणीही गठ्ठाभर देईल. "त्यानं तेल पुसायत नई, नुसतं फिरस," आप्पा म्हणायचे. गावाहून येणाऱ्या प्रत्येकाला त्यांचा एकच निरोप असायचा, जुनं धोतर असेल तर आणा.

आणखी एक विचित्र सवय होती. पाना कुणाला उसना द्यायचे नाहीत. मागायला गेलं की "काय काम शे?" विचारायचे आणि पाना घेऊन स्वतः यायचे. लोकांना हे फार आवडायचं. मला पाना मागायला जाण्याचीच भीती वाटायची, कारण मग ते माझ्या ओट्यावर येऊन बसणार, माझी गाडी दुरुस्त करणार, आणि माझी बायको रंजना त्यांना चहा देताना माझ्याकडे एकदा बघणार.

तसं एकदा झालंच. माझ्या तिसऱ्या गाडीतून चाळीसच्या पुढे गेलं की खर्र आवाज यायचा. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी तीन दिवस गाडी ठेवून घेतली आणि म्हणाले, "एन्जिन खोलवुं पडशे." इंजिन उघडायचं म्हणजे मोठा खर्च, मी तोंड पाडून गाडी घरी आणली. आप्पा ओट्यावर होते. ते नुसते मागच्या सीटवर येऊन बसले आणि म्हणाले, "चला, एक चक्कर." कॅनालरोडने गेलो. परत आल्यावर त्यांनी खिशातून दहाचा पाना काढला, मागच्या नंबरप्लेटचा एक बोल्ट आवळला आणि पाना पुसून पुन्हा खिशात ठेवला. आवाज गेला. सोसायटीतली चार माणसं तिथे उभी होती. "सुभाषभाऊ, टेन्शन लेवू नका, व्हस असं," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, हेच माझं दुखणं. टोमणा असता तर मी त्यांच्यावर चिडून मोकळा झालो असतो.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. गाडी काय, लोखंड. पण मग तात्या आले.

तात्या म्हणजे माझे वडील. शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावात त्यांची पिठाची गिरणी होती, डिझेल इंजिनवर चालणारी. चाळीस वर्षं ते त्या इंजिनाशेजारी उभे राहिले आणि कानांनी जवळजवळ संपले. आई गेल्यावर मी त्यांना सुरतेला आणलं. मी एकुलता एक, त्यामुळे आणणार तरी दुसरं कोण? घर नीट लावलं, खिडकीजवळ पलंग दिला, आणि कानाचं चांगलं मशीन घेतलं. ते त्यांनी दोन दिवस घातलं आणि डबीत ठेवून दिलं. "यामा समदंच वाजस," म्हणाले. त्यानंतर मी त्यांच्याशी ओरडून बोलायचो आणि ते मान हलवायचे. जेवण झालं का, गोळी घेतली का, यापलीकडे आमचं बोलणं जात नव्हतं. खरं सांगायचं तर पूर्वीही गेलं नव्हतं. मी एकोणिसाव्या वर्षी गाव सोडलं तेव्हा पिठाने पांढऱ्या झालेल्या या माणसाची मला थोडी लाजच वाटायची.

दुसऱ्याच रविवारी तात्या काठी टेकत आप्पांच्या ओट्यावर जाऊन बसले. मी खिडकीतून बघत होतो. आप्पा टॅपेट सेट करत होते. इंजिनाच्या डोक्यात दोन व्हॉल्व्ह असतात आणि त्यांना वरून दाबणाऱ्या टॅपेटांची फट केसाएवढी ठेवावी लागते. ती वाढली की टिक-टिक वाजतं, आणि उरलीच नाही तर आवाज येत नाही पण व्हॉल्व्ह जळतो. आप्पांचा यावर ठरलेला बोल होता, "वाजणारा टॅपेट बरा. गप बसनारा व्हॉल्व्ह जाळस." गाडी चालू करून ते स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावून ऐकत होते. तात्या बराच वेळ बघत राहिले आणि मग आमच्या दाराकडे तोंड करून रंजनाला म्हणाले, "लाटणं आन वं."

तिला वाटलं म्हातारा भ्रमिष्ट झाला. पण तिने दिलं. तात्यांनी लाटण्याचं एक टोक इंजिनावर टेकवलं आणि दुसरं टोक दातांत धरलं. डोळे मिटले. आप्पा हसले नाहीत, फक्त अ‍ॅक्सिलरेटर हळूच थोडा वाढवला आणि थांबले. मग तात्यांनी लाटणं तोंडातून काढलं.

"खालना वाजस," ते म्हणाले. "वरला बरा शे."

आप्पांनी खालच्या टॅपेटची फट मोजली. खरंच जास्त होती.

तात्यांचा त्या वेळचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. त्यांना आवाज ऐकू आला होता. मी आणलेल्या मशीनमधून नाही, माझ्या घरच्या लाटण्यातून आणि त्या निंब्याच्या इंजिनातून. त्यांनी आप्पांचा हात धरला आणि गिरणीच्या इंजिनाबद्दल सांगायला लागले. थंडीत ते कसं सुरू करायचे, पट्टा निसटायच्या आधी दातांना कसा कळायचा, आणि एकदा बेअरिंग गेलं तेव्हा गावात दोन दिवस कुणाच्या चुलीवर भाकरी कशी नव्हती. आप्पा मध्ये मध्ये प्रश्न विचारत होते. ओरडून नाही, तात्यांच्या तळहातावर बोटाने आकृती काढून.

त्या दिवशी मला जे झालं त्याला हेवा हा शब्द पुरत नाही. अंगाचा तिळपापड झाला. रंजनाने लाटणं तीन वेळा घासलं तरी मी त्या दिवशी पोळी खाल्ली नाही.

मग दर रविवारी तेच. पुढे पुढे रोज संध्याकाळी. मी सचिनहून तासभर ट्रॅफिक खात घरी यायचो तेव्हा तात्या शेजारच्या ओट्यावर असायचे. एकदा न राहवून मी त्यांच्या कानाशी ओरडलो, "तिथे एवढं काय असतं?" त्यांनी शांतपणे सांगितलं, "तो इचारस." तो विचारतो. मी ठरवलं, आपणही विचारू. दुसऱ्या दिवशी बूट काढता काढता दारातूनच ओरडून विचारलं, "तात्या, गिरणीचं इंजिन किती हॉर्सपॉवरचं होतं?" तात्या म्हणाले, "हां, जेवन व्हयनं."

मग मी दुसरा मार्ग काढला. आपणही घरी गाडी करायची, म्हणजे तात्या आपल्या ओट्यावर बसतील. पान्यांचा नवा सेट आणला. आंघोळ करून बसलो, गंध तेवढं लावलं नाही. माझी गाडी जरा ऐटबाज, साखळी उघडी. ती कोरडी पडली होती. ओळखीच्या लूमवाल्याकडून बाटलीभर लूमचं तेल आणलं होतं. पाण्यासारखं स्वच्छ, बघूनच विश्वास बसावा असं. साखळीला ते सढळ हाताने पाजलं. तात्या खरोखरच येऊन बसले. मी धन्य झालो. एवढंच नाही, मी त्यांना म्हटलं, चला, महादेवाला जाऊन येऊ, आणि ते नवं पांढरं धोतर नेसून माझ्या मागे बसले.

परत आलो तेव्हा त्यांच्या डाव्या मांडीपासून घोट्यापर्यंत काळ्या ठिपक्यांची रांगोळी उठली होती. पातळ तेलाने साखळीतला सगळा जुना मळ सोडवला आणि तात्यांवर उडवला. तात्यांनी नुसतं धोतर झटकलं. रंजना बोलली. आणि आप्पा, अर्थातच, ओट्यावर होते.

त्यांनी धोतर मागून घेतलं, कपड्याच्या साबणाने चोळलं आणि तारेवर वाळत घातलं. डाग बरेचसे गेले. मग माझ्याजवळ येऊन, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "भाऊ, लूमनं तेल कापडावर पडस ना. डाइंगमा ते धुवाई जायाले पाह्यजे, म्हनीसन तसंच बनाडतस. जे कापडावर टिकत नई, ते साखळीवर काय टिकी? साखळीले गियरचं जाड तेल लावा."

मी डाइंग मिलमध्ये बावीस वर्षं काम करतो. लूमच्या तेलाचे डाग धुऊन निघालेलं कापड रोज माझ्या हाताखालून जातं. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, आणि सांगितलं ते याने.

धोतरावर फिकट पिवळी झाक राहिली होती. तात्यांनी ते घडी करून आप्पांना देऊन टाकलं. "ठेव रे, पुसाले कामले ई." पुढच्या रविवारी मी पाहिलं, माझ्या बापाचं धोतर चौकोनी तुकडे करून आप्पांच्या ताटाशेजारी रचलेलं होतं. मी कधी तात्यांकडे काही मागितलं नव्हतं. पण ते तुकडे बघून वाटलं, आपण मागायला हवं होतं. काय मागायचं ते मात्र सुचलं नाही.

श्रावणात कानबाई देवीचा सण आला. आम्हा खान्देशच्या माणसांना सुरतेत दिवाळी चुकली तर चालते, कानबाई चुकत नाही. रोटांचे, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू घेताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ सुपात टाकतात. ते रोट घरच्यांनी खायचे, भाऊबंदांनी खायचे. बाहेर एक घासही जाऊ द्यायचा नाही. त्या वर्षी मूठ घ्यायला तात्या स्वतः बसले. आमच्याकडे हिशेब सोपा. पहिली सव्वा मूठ त्यांची, दुसरी माझी, तिसरी माझ्या मुलाची, तो बडोद्याला शिकतो. रंजना सूप उचलायला वाकली. तात्यांनी तिला हाताने थांबवलं, पुन्हा मूठ भरली आणि म्हणाले, "निंबा."

रंजनाने माझ्याकडे पाहिलं.

"तात्या," मी ओरडलो, "तो आपल्या भाऊबंदकीतला नाही. कुळातलाही नाही."

"माले ठाऊक शे," तात्या म्हणाले आणि वरची पाव मूठही टाकली.

सुपात पडलेला दाणा परत काढता येत नाही. रविवारी रोट झाले, आणि आता निंबाच्या नावाचा रोट बाहेर पाठवता येईना, म्हणून निंबालाच आत आणणं भाग होतं. "बलाव त्याले," तात्या मला म्हणाले. मला बोलवायला जावं लागलं. आप्पांनी पांढरा शर्ट घातला, त्याच्या बाहीला इस्त्रीची घडी होती. पाटावर माझ्या शेजारी बसले. रंजनाने कशासाठी बोलावलं ते सांगितलं तेव्हा त्यांचा हात ताटातच थांबला. मग हळूहळू त्यांनी सगळा रोट संपवला, ताटातला कणसुद्धा बोटाने टिपून खाल्ला. पाणी पिऊन रंजनाला म्हणाले, "वहिनी, मी चार वरीसना व्हतू तवय बाप गया. मन्ही मूठ चुलता ले. कधी याद ऱ्हाये, कधी नई ऱ्हाये."

हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. रंजनाने पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं ते एवढंच, की मला एकच बाप आहे, आणि त्यातही आता वाटा पडला. मी ते तेव्हा कुणाला बोललो नाही. आज लिहितो आहे.

दिवाळीनंतर तात्या गावी गेले. नात्यातलं लग्न होतं आणि घर उघडून बघायचं होतं. त्यांना पोचवून मी परत आलो. पंधरा दिवसांनी पहाटे चुलतभावाचा फोन आला. तात्या झोपेतच गेले होते. आम्ही भाड्याची गाडी ठरवली. निघताना रंजना म्हणाली, "आप्पांना उठवते." मी म्हटलं, "कशाला? त्यांची कारखान्यात पाळी आहे."

पाळी नव्हती. मला माहीत होतं. मला ते नको होते, एवढंच. तात्यांचे कान त्यांनी घेतले, संध्याकाळ घेतली, धोतर घेतलं, सव्वा मूठही घेतली. निदान खांदा आणि अग्नी मला एकट्याला हवा होता. तो मला मिळाला. पांझरेच्या काठी तात्यांना अग्नी देताना मी आजूबाजूला पाहिलं, आणि आप्पा नव्हते. समाधान वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही, नुसता धूर डोळ्यांत गेला.

रंजनाने त्यांना दुसऱ्या दिवशी फोन केला होता. ते मला नंतर कळलं.

दहाव्याला आम्ही सगळे भाऊबंद नदीवर बसलो होतो. न्हावी एकेकाचं डोकं करत होता. पहिला मी. अर्धं डोकं झालं होतं, हनुवटी छातीला टेकलेली, आणि तेवढ्यात तो आवाज आला. पुलावरून उतरणारी शंभर सीसीची गाडी. त्या आवाजाला मी हजारात ओळखेन. सोनगड, नवापूर करत अडीचशे किलोमीटर आले होते. त्यांनी गाडी बाभळीखाली लावली, स्टँडवर नीट सरळ केली, आणि हेल्मेट काढलं.

डोकं सफाचट होतं. नवापूरला थांबून करून घेतलं असावं, उजव्या कानामागे वस्तऱ्याची ताजी चीर होती. ज्या माणसाला मी निरोपसुद्धा दिला नव्हता, तो माझ्या आधी मुंडन करून आला होता. माझं अजून अर्धंच झालं होतं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणीही माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की इथेही हा पुढे.

आमचे दौलतकाका भाऊबंदांत वडीलधारे. त्यांनी त्या डोक्याकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. परक्याने आपल्या माणसासाठी डोकं करायचं नसतं. "सुभाष," त्यांनी मला विचारलं, "हाऊ कोन शे? भाऊबंद शे का?"

सगळे थांबले. आप्पाही माझ्याकडेच बघत होते. एका शब्दाचं काम होतं. तात्यांनी सुपात त्यांचं नाव घेऊन टाकलेली मूठ मी या डोळ्यांनी पाहिली होती, आणि ती पाहिलेला तिथे बसलेल्या पुरुषांत मी एकटाच होतो. मी म्हटलं असतं तर ते माझ्या शेजारी रांगेत बसले असते आणि कुणीही हरकत घेतली नसती.

मी बोललो नाही. वस्तरा डोक्यावर होता म्हणून बोललो नाही, असं मी नंतर रंजनाला सांगितलं. वस्तऱ्याने तोंड बंद होत नाही.

आप्पांनी थोडी वाट पाहिली. मग तेच दौलतकाकांना म्हणाले, "शेजारी शे मी. सुरतना."

काकांनी मान हलवली. आप्पा रांगेत आले नाहीत. लांबून, नदीच्या उतारावर उभे राहून त्यांनी हात जोडले, आणि विधी संपेपर्यंत तिथेच थांबले. जेवायला थांबा म्हणून रंजना त्यांच्यामागे गेली तर म्हणाले, "पाळी शे."

सुरतेला परतलो तेव्हा शेजारच्या घराला कुलूप होतं. त्यांच्या शेठने कारखाना कामरेजला हलवला होता, ते ठरलेलंच होतं. कामरेज काही लांब नाही, माझ्या गाडीने पाऊण तासाचा रस्ता. दोन वर्षं झाली, मी गेलेलो नाही. जाऊन काय सांगायचं ते मला पाठ आहे, आणि त्यासाठी तोंड उघडायला लागतं, हेही माहीत आहे.

त्या दिवशी बाभळीखालून निघताना त्यांनी हेल्मेट घातलं तर ते डोक्यावर डोलायला लागलं. केस गेल्यामुळे ढिलं झालं होतं. किकवर ठेवलेला पाय त्यांनी खाली घेतला. हेल्मेट काढलं, खिशातून फिकट पिवळी झाक असलेला पांढऱ्या धोतराचा एक चौकोनी तुकडा काढला, त्याची चौपदरी घडी केली आणि आतून नीट बसवली. पुन्हा घातलं, डोकं डावीकडे-उजवीकडे हलवून बघितलं. आता हलत नव्हतं. मग त्यांनी किक मारली. मी हात वर केला होता, पण तोवर त्यांची पाठ माझ्याकडे झाली होती.